परभणीहून चंद्राकडे: १४४ मेगाहर्ट्झवर मूनबाउन्स स्पर्धेची तयारी

मूनबाउन्सवर, म्हणजे रेडिओ लहरी चंद्रावर आपटवून दूरच्या स्टेशनशी बोलण्यावर, जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक पन्नास अंश अक्षांशावर बसून लिहिलेलं असतं. परभणी १९.३ अंशांवर आहे. खाली काळी माती, वर वेगळं आयनोस्फिअर (वातावरणातला विद्युतभारित थर), शेजारी सौर पंप आणि झटका मशीन. त्यामुळे तिकडची कृती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. शेतातल्या आखाड्यावर स्टेशन उभं करून स्पर्धेत उतरताना जे जे बदलावं लागलं ते इथे लिहितो आहे. ज्यांच्याकडे हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे आणि दोन मीटरवर, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या बँडवर, एसएसबी (आवाजी) किंवा डिजिटलचा सराव आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

बँड आधी ठरवावा. आपल्याकडे ७० सेंटिमीटरचा बँड ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे आणि जगाचं मूनबाउन्स ४३२ वर चालतं, म्हणजे तो बाद. १२९६ चालतो. गावोगावच्या केबलवाल्यांकडे पडून असलेल्या १०-१२ फुटी जाळीच्या जुन्या डिश त्यासाठी उत्तम आहेत, पण तो स्वतंत्र विषय आहे. सुरुवात १४४ वरच करावी. डिजिटल काम साधारण १४४.१०० ते १४४.१६० मध्ये असतं.

एक खिळाही ठोकण्याआधी डीबीचा (सिग्नलच्या वाढ-घटीच्या एककाचा) हिशोब मांडायचा. पॉवरची मर्यादा परवान्यात वाचायची आणि तिच्या आतच राहायचं. मी हिशोब ५० वॅटनेच करतो, म्हणजे ४७ डीबीएम. चार यागींचा (दांड्यांच्या, एका दिशेला रोखायच्या अँटेनांचा) गेन १९.५ डीबीआय धरला. चंद्रापर्यंत जाऊन परत येण्यात १४४ वर सरासरी २५२ डीबी जातात. चंद्र जवळ असेल तर अर्धा डीबी कमी, लांब असेल तर दीड डीबी जास्त. समोरच्या मोठ्या स्टेशनचा गेन २५ धरला तर ४७ अधिक १९.५ अधिक २५ वजा २५२, म्हणजे उणे १६०.५ डीबीएम. ३०० केल्विन सिस्टीमचा आवाज (तो तापमानात मोजतात) २५०० हर्ट्झमध्ये उणे १४० डीबीएमच्या आसपास येतो. उरलं उणे २०.५. क्यू-६५ हा डिजिटल मोड उणे २७ पर्यंत वाचतो, म्हणजे सहा-साडेसहा डीबी हातात राहतात. तेच समोर आपल्यासारखंच चार यागींचं स्टेशन असेल तर उणे २६ येतं, अगदी काठावर. हा हिशोब कागदावर असला की अर्ध्या डीबीसाठी एवढी धडपड का करायची ते सांगावं लागत नाही. हा मोड ज्या डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रोग्राममध्ये आहे, त्याच्या मुळाशी जो टेलर यांचं काम आहे. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना पल्सारवरच्या कामासाठी मिळालं. आवाजात बुडालेला सिग्नल बाहेर काढणं हे त्यांचं दोन्हीकडचं काम.

आता पाया. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तीन फुटांचा खड्डा काँक्रीटने भरला तर एका वर्षात खांब एक-दोन अंश कलतो. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. माझ्याकडे १.८ मीटरवर लागला. खड्डा १.२ मीटर चौरस घेतला आणि बाजूने मातीऐवजी मुरूमच भरून ठोकला. खांबाची उंची ६ मीटर. ती स्वस्ताईसाठी कमी ठेवलेली नाही. आडव्या ध्रुवीकरणात (अँटेनाचे दांडे आडवे असताना) जमिनीवरून परावर्तित झालेली लाट थेट लाटेत मिळते आणि क्षितिजाजवळ चांगल्या सपाट जागी ६ डीबीपर्यंत फायदा होतो. ६ मीटर उंचीला हा पहिला फुगवटा ५ अंशांवर येतो, १० अंशांवर खड्डा पडतो आणि १५ वर दुसरा फुगवटा. गोदावरीच्या खोऱ्यातलं सपाट रान यासाठी वरदान आहे. पावसाळ्यानंतर ओल असताना आणि सोयाबीन निघाल्यावर तर फारच.

उंचीच्या कोनाचं यंत्र हा इथला सगळ्यात मोठा फरक. ५२ अंशांवर राहणाऱ्याला चंद्र जास्तीत जास्त ६६ अंशांपर्यंत चढलेला दिसतो, म्हणून त्यांचे आराखडे तेवढेच फिरतात. आपल्या डोक्यावर चंद्र ९० अंशांवर येतो, आणि क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून चंद्राचं कोनीय अंतर) १९ अंशांच्या वर गेली की माथ्याच्या उत्तरेकडून जातो. २०२५ च्या सुमाराला क्रांती २८.५ पर्यंत जात होती, २०३४ च्या सुमाराला ती १८.५ वर येईल. तोवर हा प्रश्न राहणारच. मी जुन्या सी-बँड डिशचा २४ इंची, ३६ व्होल्टचा ॲक्च्युएटर वापरला. खांबावरचा टेकू पिव्होटपासून ११० सेंटिमीटर खाली, फिरणाऱ्या पाइपचा हात ४० सेंटिमीटर, दोघांमधला कोन ३० ते १२० अंश. यात ॲक्च्युएटरची लांबी ७८ पासून १३४.५ सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे ५६.५ चा स्ट्रोक. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर, तेवढा पुरतो. पूर्ण मिटलेला ॲक्च्युएटर ७८ पेक्षा लांब भरला तर हे मोजमाप उपयोगाचं नाही, म्हणून विकत घेतानाच टेप लावायची. आधी लाकडी पट्ट्यांवर खिळे मारून फिरवून बघावं, मग वेल्डिंगला द्यावं. ताणाच्या तारा वरच्या टोकाला बांधू नयेत. ५ मीटरचा बूम मध्यावर धरला तर ९० अंशांवर त्याची शेपटी अडीच मीटर खाली येते आणि तारेत अडकते. मी त्या ३ मीटरवर बांधल्या.

चंद्र माथ्याजवळून जाताना दिशेचा रोटर वेड्यासारखा फिरू पाहतो. उत्तरेला स्टॉप असेल तर क्रांती जास्त असलेल्या दिवशी ऐन मध्यावर पूर्ण ३६० अंशांचा फेरा घालतो. चार यागींचा झोत १५-१८ अंशांचा असतो, तेव्हा माथ्यापासून ७ अंशांच्या आत चंद्र आला की अँटेना सरळ वर करून रोटर थांबवून ठेवायचा. नुकसान फार तर २ डीबीच्या आसपास, आणि तेही थोडाच वेळ.

चार यागींमधलं अंतर अंदाजाने ठेवू नये. तरंगलांबीला झोताच्या अर्ध्या कोनाच्या साइनच्या दुपटीने भागायचं. आडव्या प्रतलात झोत ३८ अंश असेल तर २.०८ भागिले ०.६५, म्हणजे ३.२ मीटर. उभ्या प्रतलात ४२ अंश असेल तर २.९ मीटर. चौघांना जोडणारा पॉवर डिव्हायडर घरी होतो. ५० ओहमच्या चार तोंडांचे समांतर १२.५ होतात, ते परत ५० वर न्यायला २५ ओहमची पाव तरंगलांबीची, म्हणजे ५२ सेंटिमीटरची लाइन लागते. २५ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप घेतला की आतली बाजू २२ मिलिमीटर भरते. त्यात एसीवाल्याकडची पाच-अष्टमांश इंची तांब्याची नळी बसवली की २४ ओहम येतात. तेवढ्याने काही बिघडत नाही.

इथे घडणारी खरी चूक वेगळीच असते. चारपैकी एका यागीचा डायपोल उलटा बसतो, म्हणजे कोॲक्स केबलचा मधला कंडक्टर बाकी तिघांच्या विरुद्ध बाजूला जातो. एसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या पॉवरचा) मीटर काहीच बोलत नाही, सगळं छान दिसतं, आणि समोरचा गेन मात्र ६ डीबीने घसरतो. खांबावर चढवण्याआधी चारही डायपोलच्या त्याच बाजूला लाल टेप लावायची. चारही केबल एकाच रिळातून समान कापायच्या.

प्रीॲम्प, म्हणजे आलेला सिग्नल आधी मोठा करणारा ॲम्प्लिफायर, खांबावरच हवा. हिशोब बघा: ०.५ डीबीचा प्रीॲम्प, चंद्रामागचं आकाश २५० केल्विन. प्रीॲम्प वर असेल तर सगळं मिळून २८५ केल्विन. तोच खाली शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) ठेवला आणि मध्ये २५ मीटर आरजी-२१३ आली, २.२ डीबी तोट्याची, तर बेरीज ५०० केल्विनवर जाते. सुमारे अडीच डीबी तिथेच गेले. प्रक्षेपणासाठीही खालपासून वरपर्यंत जाड केबल टाकावी. सात-अष्टमांश इंची हेलियाक्स १०० मीटरला दीड डीबीसुद्धा घेत नाही. मोबाइल टॉवरच्या कामातून उरलेले तुकडे भंगारात मिळतात, टोकं ओली झालेली नाहीत एवढं बघून घ्यायचं.

सिक्वेन्सरशिवाय, म्हणजे प्रक्षेपणाचे टप्पे क्रमाने चालू करणाऱ्या सर्किटशिवाय, बटण दाबू नये. आधी खांबावरचा रिले फिरला पाहिजे, त्यानंतर १०० मिलिसेकंदांनी ॲम्प्लिफायर असेल तर तो, आणि शेवटी रेडिओची आरएफ. बंद करताना उलटा क्रम. हा क्रम एकदा चुकला की प्रीॲम्पचा ट्रान्झिस्टर गेला. तो मेला तरी थोडं ऐकू येत राहतं, म्हणून कळत नाही. यासाठी दर वेळी सूर्यावर अँटेना रोखून आवाज किती डीबी वाढतो ते वहीत लिहायचं. सूर्याचा आवाज रोज बदलतो, पण सौर डाग शांत असलेल्या दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. दिशाही सूर्यावरच जुळवायची. लोखंडी खांबाजवळ होकायंत्र खोटं बोलतं.

आता आवाजाचं. शेतात शांतता असेल असं वाटतं, ते खरं नाही. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन दर सेकंदाला एक टिक देतं. कुंपणाच्या तारेला गवत टेकलं किंवा इन्सुलेटर तडकला की ठिणगी पडते आणि आवाज वाढतो. गवत काढलं की निम्मा त्रास जातो. सौर पंपाचा कंट्रोलर दिवसभर भुणभुणतो. स्पर्धेच्या दोन दिवसांत चंद्र दिवसा वर असेल तर शेजाऱ्याशी आधीच बोलून पाणी देण्याची वेळ ठरवावी. गोड बोललं की लोक ऐकतात. डीपीवरचा तडकलेला इन्सुलेटर कोरड्या हवेत जास्त ओरडतो. हातात छोटी तीन एलिमेंटची यागी आणि एएम रिसीव्हर घेऊन खांब शोधायचा आणि तक्रारीत खांबाचा नंबर द्यायचा. एलईडीच्या माळांचाही त्रास आहे, पण दिवाळी अमावास्येला येते आणि अमावास्येजवळ चंद्र सूर्याशेजारी असतो, त्यामुळे त्या दिवसांत तसंही काम होत नाही.

वीज भरवशाची नाही, म्हणून रेडिओ थेट बॅटरीवर. क्यू-६५ च्या मिनिटात ५१ सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते. एसएसबीच्या हिशोबाने बांधलेला रेडिओ तापतो, मागून वेगळा पंखा लावावाच लागतो. ५० वॅटला १० अँपिअर, मिनिटाआड प्रक्षेपण, त्यात रिसीव्हर आणि लॅपटॉप धरून सरासरी ८ अँपिअर. चंद्र बारा तास वर असतो, म्हणजे १०० अँपिअर-अवरच्या आसपास. १५० ची एक ट्युब्युलर बॅटरी शेवटी फार उतरते आणि सिग्नल थरथरतो. दोन समांतर जोडाव्यात, तार ६ चौरस मिलिमीटरची, ३ मीटरच्या आत. इन्व्हर्टर या दोन दिवसांत बंद.

एआरआरएलची (अमेरिकेतल्या हॅम संघटनेची) मूनबाउन्स स्पर्धा शरद ऋतूतल्या शनिवार-रविवारी असते, युटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने). आपल्याकडे ती शनिवारी पहाटे ५:३० ला सुरू होऊन सोमवारी पहाटे ५:२९ ला संपते. लॉग युटीसीतच ठेवावा, घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर असावं. चंद्र उत्तर क्रांतीत, २५ अंशांच्या आसपास असेल तर उगवल्यापासून जपानशी दहा तास, मध्य युरोपशी मावळेपर्यंत दहा तास आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी मावळतीला तीन-चार तास मिळतात. दक्षिण क्रांतीत युरोप पाच तासांवर येतो आणि अमेरिका जवळजवळ जातेच. शिवाय तेव्हा चंद्र धनु राशीकडे, आकाशगंगेच्या मध्याजवळ असतो आणि आकाशाचं तापमान कित्येक पटींनी वाढतं. अशा दिवशी कान बधिर होतात, यंत्रात दोष शोधत बसू नये. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या खगोलीय माहितीच्या खिडकीत हा ऱ्हास डीबीत दिसतो.

फॅरेडे फिरकीची, म्हणजे आयनोस्फिअरमध्ये लाटेचं ध्रुवीकरण फिरण्याची, गोष्ट इथे जास्त जाचक आहे. आयनोस्फिअरचा सर्वात दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या बाजूला असतो आणि आपण त्याच्या थोडे दक्षिणेला आहोत. दिवसा ध्रुवीकरण सतत फिरत राहतं. आपल्याला समोरचा खणखणीत दिसतो, त्याला आपण अजिबात दिसत नाही, आणि अर्ध्या तासाने चित्र पालटतं. म्हणून उत्तर आलं नाही तर लगेच सोडायचं नाही, वहीत वेळ टिपून तासाभराने परत हाक मारायची. क्रॉस यागी (आडवे आणि उभे दोन्ही दांडे असलेल्या) बसवल्या तर ऐकण्याचा प्रश्न सुटतो, पण खर्च आणि वजन दुप्पट. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री आठ ते बारा या वेळात आयनोस्फिअरमधल्या बुडबुड्यांमुळे सिग्नल लुकलुकतो. त्या तासांत फक्त मोठ्या स्टेशनांना हाक मारावी.

प्रत्यक्ष संपर्कात क्यू-६५-६०ए मोड, ईएमई (पृथ्वी-चंद्र-पृथ्वी) विलंबाची खूण चालू, डीटी (सिग्नलचा उशीर, सेकंदांत) २.५ च्या आसपास. पूर्वेकडचा आधी बोलतो हा संकेत आहे: युरोपशी आपण पहिले, जपानशी दुसरे. आपल्या लोकेटरला (नकाशावरच्या चौकोनाच्या संकेताला), एमके८९ ला, मागणी असते, त्यामुळे एकदा दिसलात की हाका येत राहतात. आधी कमजोर हाका घ्याव्यात, मोठे थांबतात. स्वतःच्या प्रतिध्वनीचा डॉप्लर (वारंवारतेतला फरक) क्षितिजाशी ४०० हर्ट्झच्या आसपास जातो, म्हणून शोधाची रुंदी तेवढी मोकळी ठेवायची. कॉलसाइन, रिपोर्ट आणि पोच या तिन्ही गोष्टी चंद्रावरूनच आल्या पाहिजेत. इंटरनेटवरच्या गप्पांतून कळलेला रिपोर्ट लॉगमध्ये भरू नये.

चंद्र मावळला की अँटेना सरळ वर करून ब्रेक लावायचा, प्रीॲम्पची वीज काढायची, केबल शॅकबाहेर सोडवून अर्थच्या पट्टीला जोडायची. परतीच्या पावसात विजा याच महिन्यांत पडतात. लॉग कॅब्रिलो फाइलमध्ये (स्पर्धांच्या ठरलेल्या नमुन्यात) त्याच दिवशी पाठवावा. दोन दिवसांच्या जागरणानंतर मिनिटाच्या चुका राहतात, म्हणून पाठवण्याआधी सम-विषम मिनिटं प्रोग्रामच्या मूळ नोंदीशी ताडून घ्यावीत.