नवे बूट

हाड मोडताना आवाज येतो असं लोकांना वाटतं. त्या दिवशी आला नाही. तिच्या मांडीखाली असलेल्या माझ्या तळहाताला आत काहीतरी सैल पडल्यासारखं झालं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत छकुली म्हणाली, "मोडलं." सहा वर्षांची पोर. (छकुली हे खरं नाव नाही.) एक्स-रे तासाभराने झाला.

मी सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. महिन्यातल्या एका गुरुवारी आमच्याकडे ठिसूळ हाडांच्या मुलांची ओपीडी असते. हाडांचे सर, हॉर्मोनवाल्या मॅडम, दातांचे, कानांचे, कॅलिपर (पायाला बाहेरून आधार देणारी चौकट) बनवणारे काका आणि मी, सगळे एका मजल्यावर. जतकडून रात्रीच्या एसटीने येणाऱ्या मुलाला पाच विभागांसाठी पाच खेपा घालायला लावल्या, तर एखादं हाड वाटेतच जाईल. एवढी साधी गोष्ट वर पटवायला दोन वर्षं गेली. लिफ्ट मात्र अजूनही नेमकी गुरुवारी बंद पडते.

या आजारात खोट कॅल्शियमची नसते, हाडातल्या कोलॅजनची असते. सिमेंट आहे, सळईच कच्ची. तरी छकुलीला दोन वर्षं नुसत्या कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या गेल्या. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग चक्क निळसर आहे. तीन फ्रॅक्चर होईपर्यंत तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. उलट आईलाच विचारलं, पोरीला मारता का? विचारावं लागतं, मान्य. पण आधी डोळे तरी बघा!

आता तिला दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक ॲसिडचं, म्हणजे हाडाची झीज कमी करणाऱ्या औषधाचं, सलाईन लागतं. दर सलाईनची एक पांढरी रेघ गुडघ्याजवळच्या हाडात उमटते, एक्स-रेवर मोजून घ्यावी. डाव्या मांडीचं हाड सरांनी तीन ठिकाणी कापून, सरळ करून, मण्यांसारखं सळीत ओवलंय. सळी दोन भागांची, एकात एक सरकणारी. पोर वाढेल तशी लांबते. उजवी मांडी अजून बाकदार होती, ऑपरेशनची तारीख लागायची होती.

माझं काम हातांचं. विद्यार्थ्यांना मी पहिले दोन आठवडे फक्त उचलायला शिकवते. बोटं फाकवून अख्खा तळवा खाली घालायचा, एक डोक्या-मानेखाली, एक बुडाखाली. लंगोट बदलताना घोट्यांना धरून पाय वर करायचे नाहीत. बगलेत धरून उचलायचं नाही. दंडाला बीपीचा पट्टा बांधण्याआधी मला विचारायचं. आणि मूल 'थांब' म्हणालं की थांबायचं.

आजीचं म्हणणं वेगळं होतं. "हिला खाली ठिवायचंच न्हाई." चार वर्षं पोर गोधडीतच. न वापरलेलं हाड आणखी कच्चं होतं, हे सांगण्यात माझे सहा महिने गेले. "आजी, ठेवा खाली. मी आहे ना."

त्या गुरुवारी ती दोन दांड्यांच्या मधे उभी होती. उजव्या पायाला लांब कॅलिपर, त्यावर चढावेत म्हणून वडिलांनी आणलेले दोन नंबर मोठे बूट. लाल, जाड रबरी तळाचे. मी म्हटलं, "अय्या, काय भारी बूट!" बाबांना दाखवायला ती वळली. अंग वळलं, बूट मॅटला चिकटून राहिला.

आजीने ओरडा केला नाही. पिशवीतून पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या काढल्या. प्रवासात नेहमी बरोबर असतात म्हणे. छकुली घामाने थबथबलेली, पण सूचना चालू. "आधी खाली घाल. ओढू नको. आता बांध." मी तसंच केलं. तेवढ्यात आलेला निवासी डॉक्टर पाय सरळ करायला वाकला, त्याचं मनगट मी धरलं. नंतर त्याची माफी मागितली, मनातून नव्हे.

बैठकीत सर म्हणाले, "वाईटात चांगलं, आता उजवी सळी पुढच्याच आठवड्यात." यादीत नंबर वर यायला हाड मोडावं लागतं, हे कुणालाच खटकलं नाही.

संध्याकाळी वडिलांनी जिन्यात गाठलं. त्यांचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. "मॅडम, बुटांमुळं झालं का?"

"नाही हो. कशानेही झालं असतं."

हे खोटंही नाही. पण तळ मी पाहिला होता, हात लावून पाहिला होता, आणि कौतुक केलं होतं. केसपेपरवर कारणाच्या ओळीत लिहिलं, 'उभी असताना वळली'. बुटाचा उल्लेख केला नाही. बापाला वाचवलं की स्वतःला, हे मला अजून सांगता येत नाही.

टाके काढायला ते आले तेव्हा तेच लाल बूट पिशवीत होते. "पुढं लागतीलच," म्हणत त्यांनी माझ्यासमोर उलटे धरले. तळावरची सगळी नक्षी ग्राइंडरने घासून गुळगुळीत केली होती. आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही. मी अंगठा फिरवून पाहिला. इतके गुळगुळीत, की आता घसरतील.