‘आसो’ म्हणजे कुत्रा की धूर? फिलिपिन्सच्या खेड्यातल्या शाळेत मदतीला जाताना

फिलिपिन्समधल्या खेड्यातल्या शाळेला वह्या नेऊन द्यायच्या ठरवल्या, तर पहिला घोटाळा वहीतच होतो. तिथल्या मुलांचा कागद सर्वात जास्त खर्च होतो तो चाचण्यांमध्ये, आणि चाचणी वहीत लिहीत नाहीत. ती सुट्या पॅडच्या कागदावर लिहितात. पहिली ते चौथीसाठी ग्रेड वन, ग्रेड टू असे इयत्तेनुसार पॅड मिळतात, कारण ओळींमधलं अंतर वेगळं असतं. मोठ्या मुलांना इंटरमीडिएट पॅड लागतो. बाई वर्गात सांगतात, ‘वन-फोर्थ शीट काढा’ किंवा ‘वन-हाफ क्रॉसवाइज’, आणि सगळे तेवढाच तुकडा फाडून घेतात. ज्याच्याकडे पॅड नाही तो शेजाऱ्याकडे कागद मागत बसतो. चाचणीचे पहिले काही प्रश्न त्यातच जातात. तेव्हा संच बनवताना दोन वह्या कमी घ्या, पण पॅड वाढवा आणि इयत्ता विचारून घ्या. पहिलीच्या मुलाला इंटरमीडिएट पॅड दिला तर त्याची अक्षरं ओळीत बसत नाहीत, आणि चौथीतल्याला ग्रेड वन पॅड दिला तर तो लाजून वापरत नाही.

दावाओला डॉक्टरकी शिकणारी मराठी मुलं, मनिलात नोकरीनिमित्त राहणारी कुटुंबं आणि आखातात फिलिपिनो सहकाऱ्यांमुळे एखाद्या संस्थेशी जोडली गेलेली मंडळी, सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘काय घेऊन जाऊ?’ हाच असतो. उत्तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे असतं. संस्थेमार्फत त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी मागवा: इयत्तावार पट, मुलांच्या घरची भाषा आणि शेवटच्या टप्प्याचा रस्ता कसा आहे ते.

रस्त्याची चौकशी सहज म्हणून करायची नाही. तिथल्या शिक्षण खात्याने २०१९मध्ये ‘लास्ट माइल स्कूल्स’ अशी वर्गवारी केली. चारपेक्षा कमी खोल्या, वीज नाही, पाचपेक्षा कमी शिक्षक, शंभरपेक्षा कमी मुलं, गावाच्या मुख्य ठिकाणापासून तासाभराहून जास्त अंतर, ही त्यातली काही लक्षणं. अशा शाळेपर्यंत जीप जात नाही. शेवटचा टप्पा हाबाल-हाबालवर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, नाही तर बांका होडीतून किंवा पायी असतो. सहा वह्या, दोन-तीन पॅड, पेन्सिली, खोडरबर, क्रेयॉन आणि रेनकोट असा संच दोन किलोच्या आसपास धरा. साठ मुलांचे झाले १२० किलो, म्हणजे चार-पाच फेऱ्या. खोके नेऊ नका, भिजले की तळ सुटतो. आत जाड प्लास्टिकची पिशवी घातलेली तांदळाची पोती घ्या, प्रत्येकी पंचवीस किलोपर्यंतच भरा आणि वर इयत्ता लिहा. पोतं नंतर शाळेलाही कामी येतं.

माल शक्यतो तिथेच, जवळच्या तालुक्याच्या गावात घ्यावा. भारतातून किंवा आखातातून पाठवण्यात बचत वाटते, पण कस्टम्समध्ये ती संपते. फिलिपिनो लोक घरी जे बालिकबायान खोकं पाठवतात, त्याची करमाफी (वर्षात तीन वेळा, एकूण दीड लाख पेसोपर्यंत) त्यांच्या नागरिकांसाठी आहे. तुमच्या देणगीच्या खोक्याला ती लागू नाही. जुने कपडे तर मुळीच नकोत. वापरलेल्या कपड्यांच्या व्यापारी आयातीवर १९६६च्या कायद्याने बंदी आहे, आणि गठ्ठ्यांनी आलेले कपडे देणगीचे आहेत हे पटवत बसावं लागतं.

शाळेला विचारलं की कधीकधी वेगळंच उत्तर येतं. झाम्बोआंगा शहराच्या किनाऱ्याजवळच्या लायाग-लायाग वस्तीतली मुलं पोहत शाळेला जातात, हे ब्लॉगर जे हाबोनेता यांनी २०१०मध्ये फेसबुकवर लिहिलं. त्यातून पैसे जमले आणि त्या पैशांच्या होड्या झाल्या. तेच काम पुढे ‘यलो बोट ऑफ होप फाउंडेशन’ म्हणून वाढलं. तिथे दप्तरं वाटली असती तर ती पाण्यातच भिजली असती.

आता वेळ. शाळेचं वर्ष कोविडनंतर सरकलं होतं, ते २०२५पासून परत जूनमध्ये सुरू होतं. शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात ‘ब्रिगाडा एस्क्वेला’ असते. २००३पासून चालू असलेली ही देशभरची शाळा-दुरुस्ती मोहीम. पालक, बारांगायचे (गावपातळीवरच्या सरकारी घटकाचे) लोक, पोलीस, दुकानदार सगळे झाडू आणि ब्रश घेऊन येतात. स्वयंसेवकाने पहिल्यांदा जावं ते याच आठवड्यात, कारण तेव्हा पालक भेटतात. फक्त रंगाचा हिशेब आधी करून जा. सरकारी नमुन्याची वर्गखोली ७ बाय ९ मीटरची असते. तीन मीटर उंचीच्या भिंती धरून काचपट्ट्यांच्या खिडक्या आणि दारं वजा केली की रंगवायला साधारण ७० चौरस मीटर उरतात. चार लिटरचा डबा, ज्याला तिथे गॅलन म्हणतात, खरबरीत गिलाव्यावर एका हाताला २५ ते ३० चौरस मीटर पुरतो. दोन हात द्यायचे तर पाच-सहा डबे. भिंतीला लेटेक्स, लाकूड-लोखंडाला एनॅमल. जून म्हणजे पश्चिमेकडच्या बेटांवर हाबागात, आपल्या नैर्ऋत्य मोसमी पावसाचाच तिकडचा अवतार. कोकणात मृगाच्या पावसात कोणी भिंत रंगवत नाही, ते याच कारणाने: ओल्या भिंतीवरचं लेटेक्स दोन महिन्यांत पापुद्रे धरतं. भिंतीला रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवा. सकाळी आतून पाणी धरलं असेल तर भिंत सोडा आणि बाकं दुरुस्त करा. वादळाचा इशारा लागला की शाळा बंद होतात, म्हणून प्रवासात एक मोकळा दिवस ठेवा.

पण रंग आणि वह्या हे वर्षातून एकदाचं काम झालं. माणूस वर्षभर हवा असतो तो वाचनासाठी, आणि इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. शाळेतली फिलिपिनो भाषा टागालोगवर आधारलेली आहे. टागालोगची लिपी रोमन असली तरी ती उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, आणि जुनी पद्धत ‘आबाकादा’ ही आपल्या बाराखडीच्या जवळची: बा, बे, बि, बो, बु. त्यांची जुनी लिपी बायबायिन तर ब्राह्मीच्याच कुळातली. आज बऱ्याच शाळा मारुंग्को पद्धत वापरतात. तिच्यात वर्णमाला क्रमाने शिकवत नाहीत. आधी म, स, आ, इ, ओ यांसारखे ध्वनी घेतात, कारण तेवढ्यावर शब्द बनतात. म, स, आ आले की ‘आमा’ (वडील) वाचता येतं. इ आली की ‘इसा’ (एक), ‘मिसा’ (चर्चमधली प्रार्थना), आणि एक पूर्ण वाक्य: ‘सासामा सा मिसा सि आमा’, बाबाही प्रार्थनेला येणार आहेत. चार ध्वनींत वाक्य वाचलं की मुलाला वाचनाची गोडी लागते. अक्षराचं नाव ‘एम’ सांगू नका, ध्वनी ‘म्म्म’ म्हणा. इंग्रजी माध्यमात शिकलेला स्वयंसेवक हमखास इथे चुकतो, आणि मूल ‘एम-ए’ असं जोडायला जातं.

दोन लहान शब्द लक्षात ठेवा. ‘एन-जी’ असा एकटा दिसणारा शब्द ‘नाङ’ वाचतात, आणि ‘एम-जी-ए’ हा ‘माङा’. शिवाय ङ शब्दाच्या सुरुवातीला येतो: ‘ङीपिन’ म्हणजे दात. आपण क-वर्गात ङ पाठ करतो खरे, पण उच्चारतो कधी? ‘वाङ्मय’ सावकाश म्हणा, त्यातला ङ पकडा आणि त्याने शब्द सुरू करून बघा. मुलांना तुमची ही धडपड ऐकायला फार आवडते, आणि बरोबर उच्चार तीच शिकवतात.

वाचनाची कार्डं तिथे मिळणाऱ्या जाड पांढऱ्या फोल्डरची कापा, १० बाय १५ सेंटीमीटर, लहान लिपीतली अक्षरं, काळं मार्कर. हवा दमट असते, दोन्ही बाजूंनी पॅकिंग टेप लावला नाही तर आठवड्यात कार्ड वाकतं. छापून नेणार असाल तर फॉन्ट सेंच्युरी गॉथिक घ्या. नेहमीच्या फॉन्टमधलं छोटं ‘ए’ वरून आकडा काढलेलं असतं, मूल वहीत गोल आणि दांडी असं लिहितं. पाच वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. सेंच्युरी गॉथिकमध्ये ‘ए’ हाताने लिहिल्यासारखंच आहे, म्हणून तिथल्या बाई तोच वापरतात.

गट पाच-सहा मुलांचा, चाळीस मिनिटांचा. पाच मिनिटं कालचे ध्वनी, दहा मिनिटं नवा एकच, पंधरा मिनिटं जोडाजोडी, शेवटी वाक्यं. गट तुम्ही पाडू नका. वरच्या इयत्तांसाठी शाळेकडे फिल-आयरी या सरकारी वाचन चाचणीचे निकाल असतात. वीस प्रश्नांच्या गटचाचणीत १४पेक्षा कमी मिळालेल्या मुलांची एकेकट्याची वाचन चाचणी होते, आणि शंभरपैकी ८९ किंवा त्याहून कमी शब्द बरोबर वाचले तर त्याला ‘फ्रस्ट्रेशन’ पातळी म्हणतात. हा शब्द मुलासमोर उच्चारू नका. २०२४च्या ‘आराल’ कायद्यानुसार शाळेचे स्वतःचे जादा वर्गही असतात. त्यांच्या वेळेत आणि त्यांच्याच साहित्याने बसा, दुसरी पद्धत घुसवू नका. एकाच मुलाला सकाळी ध्वनी आणि दुपारी अक्षरांची नावं शिकवली तर ते दोन्हीकडून गळतं.

आता शीर्षकातला कुत्रा. टागालोगमध्ये ‘आसो’ म्हणजे कुत्रा. दावाओच्या आसपासच्या खेड्यांत घरची भाषा बिसाया, आणि बिसायात ‘आसो’ म्हणजे धूर. कुत्र्याला ‘इरो’ म्हणतात. टागालोगमधली ‘लांग्गाम’ मुंगी, बिसायातला ‘लांग्गाम’ पक्षी. मुलाने शब्द अचूक वाचला आणि चित्र चुकीचं दाखवलं तर त्याला वाचता येत नाही असं समजू नका. २०२४च्या कायद्याने मातृभाषेतून शिकवण्याची सक्ती काढली, माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी झालं, मात्र स्थानिक भाषा मदतीला वापरता येते. ती वापरा. पहिल्या दिवशी शाळेतल्या कोणाकडून तरी पन्नास चित्रांची बिसाया नावं लिहून घ्या. मिंदोरोतल्या मांग्यान किंवा साम्बालेसच्या आएता या आदिवासींच्या वस्तीत घरची भाषा आणखी वेगळी. तिथे वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना भेटल्याशिवाय शाळेत जायचंच नाही.

मूल बऱ्याचदा ‘हो’ तोंडाने म्हणत नाही, भुवया उंचावतं. ते दिसलं नाही की आपण प्रश्न पुन्हा विचारतो आणि त्याला वाटतं उत्तर चुकलं. उलट आपण होकारार्थी मान डोलावतो, ती त्यांना नकारासारखी दिसते, तेव्हा मान स्पष्ट खाली-वर हलवा. ‘कळलं का?’ विचारलं तर सगळी हो म्हणतील, न समजलेलं सांगायची त्यांना लाज वाटते. म्हणून ‘कार्ड दाखव’ असं म्हणा. मुलं तुम्हाला ‘आते’ किंवा ‘कुया’ म्हणतील, म्हणजे ताई, दादा. वयस्क असाल तर ‘मानो पो’ म्हणत तुमचा हात घेऊन कपाळाला लावतील. हात सैल सोडा, मागे ओढू नका. आपल्याकडच्या वाकून नमस्कारासारखंच आहे ते.

कागदपत्रांचं थोडक्यात. दिलेल्या वस्तूंचं देणगीपत्र दोन प्रतींत करून मुख्याध्यापकांची सही घ्या, नाही तर शाळेच्या नोंदीत त्या येत नाहीत. बालसंरक्षणासाठी शिक्षण खात्याचा २०१२चा ४० क्रमांकाचा आदेश आहे. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसायचं नाही, पालकांच्या परवानगीशिवाय फोटो टाकायचे नाहीत, आणि शाळेचं नाव व मुलाचा चेहरा एकत्र तर कधीच नाही. भारतीयांना २०२५पासून मिळणारा चौदा दिवसांचा बिनव्हिसा प्रवेश पर्यटनासाठी आहे. जास्त काळ काम करायचं तर संस्थेला त्यांच्या राष्ट्रीय स्वयंसेवा समन्वय संस्थेशी, पीएनव्हीएससीएशी, आधी बोलायला सांगा.

निघताना बाईंच्या हाती कार्डांची पेटी आणि एक साधी वही द्या. एका पानावर एक मूल: कोणते ध्वनी आले, कोणता शब्द अडला, शेवटचं कार्ड कितवं. पुढचा स्वयंसेवक महिन्याने येईल तेव्हा त्याने सहाव्या कार्डापासून सुरू करायचं की अकराव्यापासून, ते त्यातून कळतं.