अण्णांची ट्रंक आणि एक सही

अण्णा गेल्यावर तेराव्यानंतर दादाने ट्रंक उघडली. वर दोन सोलापुरी चादरी, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि खाली वहीच्या पानावर मृत्युपत्र: साखर पेठेतलं घर दादाला. अक्षर अण्णांचंच, सहीही त्यांचीच. पण साक्षीदार एकच, शेजारचे काका. कायद्याला किमान दोन लागतात. स्टॅम्प पेपर नसला तरी चालतं, नोंदणीही सक्तीची नाही, पण दुसऱ्या सहीवाचून तो कागद म्हणजे नुसती इच्छा.

दादा म्हणाला, "ताई, हक्कसोडपत्रावर सही कर, विषय संपला." मी गप्प. वहिनी म्हणाली, मुलींना हक्क २००५ पासून, हे घर त्याआधीचं. तिथंच घोळ होता. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीसाठी. अण्णांनी हे घर यंत्रमागावर राबून स्वतः घेतलेलं, आणि स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. म्हणजे आई, दादा, मी. तीन सारखे हिस्से. आईचाही हिस्सा असतो, हे कुणाच्या गावीच नव्हतं!

आता दावा कोर्टात आहे. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, यंदा आम्ही वेगवेगळे गेलो. आई दोघांसाठी शेंगाचटणी कुटते, दोन डबे भरते, आणि तारखेला कुणाच्या गाडीत बसायचं ते ठरेना म्हणून रिक्षाने येते.