दोन्ही टोकं जुळली तरच मधलं भरा

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा डेटा मी सांभाळते. प्रत्येक व्हीएमसी (धातू कापणाऱ्या संगणकचालित) मशीनची एक ओळ, प्रत्येक मिनिटाचा एक रकाना आणि त्यात त्या मिनिटाला मशीनवर लागलेल्या जॉबचा नंबर. आठवड्याचे १०,०८० रकाने होतात. शेडमधलं वायफाय मधूनच जातं, मग तेवढ्या मिनिटांपुरतं शून्य पडतं.

ही शून्यं भरायची सर्रास पद्धत म्हणजे आधीचा नंबर पुढे ओढत न्यायचा. मला ती अजिबात पटत नाही. ही ओळ बघा:

४१२ ० ० ४१२ ० ४१५ ०

पहिली दोन शून्यं ४१२ ने भरायला हरकत नाही, कारण दोन्ही बाजूंना तोच जॉब आहे. पण ४१२ आणि ४१५ च्या मधलं शून्य? तिथे जॉब बदललाय. शिफ्ट इनचार्जना ही जागा दाखवली तर ते लगेच म्हणाले, "मॅडम, तो टाइम सेटिंगचा. प्रॉडक्शनमध्ये धरू नका." फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी जोडणी) उतरवणं, नवं चढवणं, ऑफसेट (टूल आणि जॉबच्या जागेची मापं) घेणं, पहिला पीस तपासणं हे सगळं त्या फटीत असतं. ती ४१२ ने भरली की सेटिंगचा वेळ ४१२ च्या खात्यावर चढतो, त्या जॉबचा खर्च फुगतो आणि पुढचं कोटेशन चुकतं. चांगलं काम करणाऱ्या ऑपरेटरवर विनाकारण ठपका येतो, ते वेगळंच.

पांडाजमध्ये, म्हणजे पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत, याला एकेक जागा तपासणारा लूप लागत नाही. आधी शून्यांच्या जागी नॅन ('इथे आकडा नाही' अशी खूण) करायचं, नाहीतर पांडाजला ती जागा रिकामी आहे हेच कळत नाही. मग एका प्रतीवर एफफिल (आधीचा आकडा पुढे ओढणं), दुसरीवर बीफिल (नंतरचा आकडा मागे ओढणं), आणि दोन्ही प्रतींत जिथे आकडा सारखा येतो तेवढाच ठेवायचा. वरच्या ओळीचं असं होतं:

पुढे ओढून: ४१२ ४१२ ४१२ ४१२ ४१२ ४१५ ४१५
मागे ओढून: ४१२ ४१२ ४१२ ४१२ ४१५ ४१५ नॅन

पाचवी जागा जुळत नाही, ती रिकामी राहते. शेवटचीही राहते, कारण नॅन कशाच्याही, अगदी नॅनच्यासुद्धा, बरोबर आहे का असं विचारलं तरी उत्तर 'असत्य' येतं. आयईईई ७५४ या संगणकातल्या दशांश आकड्यांच्या मानकाचा हा नियम १९८५ पासूनचा आहे आणि इथे तो इतका चपखल बसतो की कडांसाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. ॲक्सिस (भरायची दिशा) मात्र १, म्हणजे ओळीतून आडवा, द्यायलाच हवा. नाहीतर नंबर एका मशीनवरून खालच्या मशीनवर उतरतात.

आता गुरुवार. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बुधवारी रात्री ४१२ चालू होता, शुक्रवारी सकाळीही तोच लागला, म्हणजे दोन्ही टोकं जुळली आणि बंद शेडमध्ये दिवसभर उत्पादन झालं! म्हणून फटीच्या लांबीला मर्यादा हवी. ती आम्ही १० मिनिटं ठरवली.

इथे सलग जास्तीत जास्त किती जागा भरायच्या ते सांगणारा लिमिट हा पर्याय वापरायचा मोह होतो, पण तो या कामाचा नाही. १५ मिनिटांची फट घ्या. लिमिट १० दिलं की एफफिल पहिली दहा भरतं, बीफिल शेवटची दहा, आणि जुळतात मधली पाच. दोन्हीकडे पाच-पाच रिकामी, मध्येच भरलेला तुकडा. त्यापेक्षा फटीची लांबीच मोजावी. जिथे जॉब नंबर आहे तिथे रकान्याचा क्रमांक, बाकी नॅन, असा दुसरा मॅट्रिक्स करायचा. त्यावरही एफफिल आणि बीफिल चालवून वजाबाकी करायची आणि त्यातून एक कमी करायचा. प्रत्येक रिकाम्या जागेला ती किती लांब फटीत आहे ते कळतं, आणि फट भरली तर पूर्ण भरते, नाहीतर तिला हात लागत नाही.

उरलेल्या रिकाम्या जागा रिपोर्टमध्ये पांढऱ्याच छापते. इनचार्ज तिथे पेनाने कारण लिहितात: सेटिंग, टूल तुटला, मटेरियल नाही.