ती घरातलीच आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘परदेशातून आलेली वीस वर्षांची पोर, तिच्या भरवशावर दोन लेकरं टाकून जायला भीती नाही वाटत?’ हे नातेवाईक विचारतात, शिफ्टमधल्या मैत्रिणी विचारतात. एकदा तर मुलाच्या दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं, त्याचा जबडा उघडा असताना.

वाटते ना. पण ती काही वाकडं करेल ही नाही. तिला ताप आला तर आमचं घर बसतं, ही.

माझी शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते, पाळणाघर साडेसातला उघडतं आणि नवरा महिन्यातून आठ दिवस बाहेरगावी. त्या दीड तासासाठी कुणी मिळेना, म्हणून ओ पेअर. शब्द फ्रेंच, अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. नोकर नाही आणि पाहुणीही नाही. तिला वेगळी खोली, आपल्याच टेबलावर जेवण, हातखर्चाला पैसे, भाषा शिकायला वेळ. आणि तिने मुलांचं बघायचं. युरोपात याबद्दल १९६९ साली स्ट्रासबर्गला करार झाला. त्यात काम दिवसाला साधारण ५ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा, असं आहे. अमेरिकेत हीच मर्यादा दिवसाला १० आणि आठवड्याला ४५ तास. म्हणजे बरोबरी किती तासांची, हे ज्या त्या देशाने आपापल्या सोयीने ठरवलंय.

पहिली आली तेव्हा मी कौतुकाने सांगायचे, ‘घरातलीच आहे हो ती.’ आता हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं की कान टवकारतात. घरातलीच, म्हणून जाता जाता आमच्याही चादरी मशीनला लाव. घरातलीच, म्हणून रविवारी जरा तासभर बघ, आम्ही आलोच. मुलांचे कपडे, मुलांचं जेवण, मुलांची खोली एवढं तिचं काम. आमची भांडी तिची नव्हेत. पण ‘घरातली’ला नाही कसं म्हणता येणार? या शब्दाची किंमत कुठल्याही सुनेला विचारा.

एक संध्याकाळ डोक्यातून जात नाही. मी सहाला पोहोचणार होते, पोहोचले सातला दहा मिनिटं कमी असताना. दार उघडलं तर ती समोरच उभी. अंगात कोट, पायात बूट, पाठीला सॅक आणि कडेवर आमची धाकटी. साडेसहाचा भाषेचा वर्ग बुडाला होता, आणि तोही पहिल्यांदा नव्हे. ती काही बोलली नाही. धाकटीला माझ्याकडे दिलं, खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि खोलीत गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात तिने एजन्सीकडे दुसरं कुटुंब मागितलं. याला रीमॅच म्हणतात. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत माझी सगळी रजा संपली, शेजारणीचे न फिटणारे उपकार झाले, आणि थोरला रोज सकाळी तिच्या खोलीचं दार उघडून बघत राहिला. त्याला काय सांगायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

आता फ्रिजवर तासांचा तक्ता आहे. मला उशीर झाला की तेवढी मिनिटं मीच लिहिते, तिने विषय काढायची वाट बघत नाही. नवरा म्हणतो, घराचं ऑफिस केलंस. केलंय. आठवड्यातला एक दिवस पाळणाघराची जागाही धरून ठेवलीय, रिकामी गेली तरी पैसे भरून. सगळा भार एकाच पोरीवर टाकणं तिच्यावरही अन्याय आहे, हे उशिरा कळलं. नवी आली की पहिले दोन आठवडे मी रजा काढते. अमेरिकेत तर नियमच आहे की पहिले ३ दिवस कुणीतरी मोठं माणूस घरात हवं. मला तीन दिवस कमी वाटतात. तेवढ्यात धाकटीची झोपेची नाटकंही कळत नाहीत.

आत्ताची आमच्याकडची दुसरी, तिचं वर्ष संपत आलंय. धाकटी बुटांना तिच्या भाषेतला शब्द वापरते. मला तो उच्चार अजून जमत नाही. परवा तिसरीशी व्हिडिओ कॉल झाला. आमचे प्रश्न संपल्यावर मी म्हटलं, तुला काही विचारायचंय? ती म्हणाली, ‘पहिली का गेली?’

सांगितलं. सातला दहा कमी, कोट, बूट, सगळं. तिने मान खाली घालून ते वहीत लिहून घेतलं.