ब्लाइंडवर पडदा, भिंतीला भोक नाही : सहा आठवड्यांची नोंद

मंडळी, भाड्याच्या घराच्या करारात एक ओळ ठळक आहे : भिंतीला खिळा नको, भोक नको. ब्लाइंड घरमालकांचे, म्हणजे तेही उतरवायचे नाहीत. आणि झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी पूर्वेला. ॲल्युमिनियमच्या २५ मिलिमीटरच्या पट्ट्या कितीही घट्ट मिटल्या, तरी दोरी ओवलेल्या भोकांतून उजेडाच्या तीन उभ्या ठिपकेरांगा सकाळी थेट उशीवर उतरतात. यावर जाड पडदा हवाच होता.

पहिला शनिवार : मोजमाप

खिडकी भिंतीत आत बसलेली आहे, त्या पोकळीला मी गाळा म्हणते. गाळ्याची रुंदी वर १५२ सेंमी, खाली १५१.३. (तीन ठिकाणी मोजा. सरळ दिसणारी भिंत सरळ असतेच असं नाही.) गाळ्याची खोली ११ सेंमी, त्यातले ५ सेंमी ब्लाइंडच्या वरच्या पेटीने खाल्लेत. पुढे उरले ६. पट्ट्या फिरवायची काडी त्या ६ सेंमीतच लोंबते, हे मात्र टेप लावताना लक्षात आलं नाही. पुढे ते महागात पडलं.

पडदे घरातच होते : अंधार करणारं जाड कापड, २६० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २६० ग्रॅम), प्रत्येकी दीड मीटर रुंद आणि २२० सेंमी लांब, दोन नग. कागदावर वजन आलं १.७ किलो. काट्यावर टाकले तर २.१. दुहेरी दुमड आणि धातूची आयलेट (दांडी ओवायच्या भोकांच्या कड्या) मी हिशेबात धरलीच नव्हती. तुम्ही हिशेब करत बसू नका, पडदा सरळ काट्यावर ठेवा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

त्याच दिवशी संध्याकाळी : स्प्रिंगचा रॉड

गाळ्याच्या दोन बाजूंत अडकवायचा, आत स्प्रिंग, टोकांना रबर. पाच मिनिटांत बसला आणि मी स्वतःवर खूश झाले. रात्री आठ वाजता दांडीने मधोमध पोट धरलं होतं. दोन टोकांना दोरा ताणून मोजलं : १.८ सेंमी. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

हे रॉड एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे असतात. जितकं लांब ओढाल तितकी बारीक नळी जास्त बाहेर येते आणि जोडातला सैलपणा वाढतो. शिवाय वजन तेवढंच ठेवून लांबी दुप्पट केली तर झोळ दुप्पट नाही, आठपट होतो. झोळ आला की टोकं किंचित तिरकी होतात, रबराचा अर्धाच भाग भिंतीला टेकतो आणि पकड सुटते. माझा रॉड दुसऱ्या दिवशी दुपारी डावीकडून घसरत खाली आला. रबराने रंगावर काळा अर्धचंद्र सोडला, तो खोडरबराने निघाला. घट्ट बसावा म्हणून मी रॉड एक फेरा जास्त पिळला होता, त्याचा खळगा मात्र प्लास्टरमध्ये राहिलाच.

आणि ती काडी! पडद्याच्या चुण्या तिच्यावर दाबल्या जात होत्या. पट्ट्या फिरवायला पडदा बाजूला करा, पडदा बाजूला केला की रॉड हलतो. गाळ्यातला प्रयोग तिथेच बंद केला.

दुसरा आठवडा : चिकटपट्टीचे हुक

आता गाळ्याबाहेर, भिंतीवर. हुकच्या पाकिटावर क्षमता २ किलो. दोन हुक, वर १८० सेंमीचा रॉड (त्याचं वजन ०.७). एकूण २.८ किलो, म्हणजे हुकाला १.४. कागदावर छान.

सगळं नियमाने केलं. भिंत अल्कोहोलने पुसली, कारण साबणाने पातळ थर राहतो. पट्टी तीस सेकंद दाबली आणि तासभर थांबून मगच वजन टाकलं. तीन रात्री शांत गेल्या. चौथ्या रात्री तीनच्या सुमारास धडाम. शेजारच्या खोलीतून आवाज आला, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "पडदा पडला." नाटक संपल्यासारखं वाटलं, पण मग पहाटेपर्यंत झोप नाही.

सकाळी अवशेष पाहिले, आणि या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या पट्टीने. तिच्या पाठीवर भिंतीचा रंग सोललेल्या सालीसारखा चिकटून आला होता. बाहेरून पांढरा, मागून फिकट निळा, आणि निळ्याच्या मागे चुन्याची भुकटी. डिंक सुटलाच नव्हता. आधीच्या कुणीतरी निळ्या भिंतीवर नीट न घासता मारलेला पांढरा हात सुटला होता. आपण डिंकाची ताकद तपासतो, रंग कशाला धरून आहे ते तपासत नाही. आता तळहात भिंतीवर जोरात घासून पाहते. हात पांढरा झाला तर तिथे चिकटपट्टी नाहीच. नाही झाला तर कोपऱ्यात चिकटटेपचा तुकडा दाबून झटक्यात ओढते. टेपबरोबर रंग आला तर विषय संपला.

दुसरी चूक माझी. भिंतीलगत सरळ खाली ओढणारं वजन डिंक चांगलं सोसतो, पण एका कडेने उचलणारं सोसत नाही. माझी दांडी काडी टाळायला भिंतीपासून ८ सेंमी पुढे होती आणि हुकाची पाठ ६ सेंमी उंच. म्हणजे तरफच झाली की. १.४ किलोचं वजन वरच्या कडेला अंदाजे १.९ किलोने बाहेर ओढत होतं. त्यात रोज सकाळी पडदा सरकवताना बसणारा झटका वेगळा. पाकिटावरच्या चित्रात वस्तू भिंतीला चिकटून टांगलेली आहे, हे नंतर नीट पाहिलं.

दुसरा हुक काढताना घाई केली नाही. पट्टीचं शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ओढायचं. आपल्याकडे ओढलं की रंग आलाच. फोम मागे राहिला तर दातांचा धागा करवतीसारखा फिरवा.

तिसरा आठवडा

कामापेक्षा विचार जास्त. हे चिकटतं का, ते चिकटतं का, असं विचारत होते. प्रश्न असा हवा होता : या दोन किलोंना खांदा कोण देणार?

चुंबकाचे रॉड दोन मिनिटांत बाद. चौकट ॲल्युमिनियमची, चुंबक धरतच नाही.

ब्लाइंडची पेटी ज्या कोंदणात बसते ती आधीच स्क्रूने पक्की असते. तिच्यावर अडकणारे ब्रॅकेट मिळतात, पण माझ्या खिडकीत गाळ्याची खोली आडवी आली. बैठकीच्या खोलीत मात्र ब्लाइंड गाळ्याबाहेर भिंतीवर आहेत. तिथे घरमालकांना विचारलं, "काका, जुना स्क्रू काढून त्याच भोकात थोडा लांब स्क्रू बसवला तर चालेल का? जाताना होता तसा करून देईन." ते म्हणाले, "नवीन भोक नाही ना? मग करा." पडद्याचा ब्रॅकेट आणि ब्लाइंडचं कोंदण आता एकाच स्क्रूवर आहेत. जुने चारही स्क्रू पिशवीत घालून पिशवी पेटीच्या मागे चिकटवून ठेवली. तिथे हलकाच पडदा लावलाय. जाड कापड त्या भोकावर टाकायची हिंमत नाही.

चौथा ते सहावा आठवडा : खांब

झोपायच्या खोलीत अखेर जमिनीपासून छतापर्यंतचे दोन ताणखांब उभे केले, खिडकीच्या दोन बाजूंना, आणि त्यांच्यावर आडवी दांडी. इथे वजन घर्षणावर नाही, डिंकावर नाही, थेट जमिनीवर उतरतं. छताकडचा दाब फक्त खांब उभा ठेवायला.

छत आधी ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला असता तर हा बेतही सोडावा लागला असता, कारण खोट्या छताला खालून दाबणं म्हणजे ते उचकटणंच. माझं छत स्लॅबचं आहे.

पहिला खांब नजरेने उभा केला आणि तासाभरात तो फिरला. मग दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. खांब वरच्या बाजूला ९ मिलिमीटर कलला होता. खांब तिरका असेल तर दाब बाजूला ढकलतो आणि टोक सरकतं. ओळंब्यात आणल्यापासून जागचा हललेला नाही. वर-खाली रबराच्या चकत्या आहेत, वरच्या चकतीवर पांढऱ्या कापडाचा तुकडा, म्हणजे छताला काळा डाग नको.

दांडी यावेळी एकसंध, २५ मिलिमीटर व्यासाची. नळीच्या पत्र्याची जाडी सारखी असेल तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो. १६ मिलिमीटरवरून २५ वर गेलं की जवळजवळ चौपट. १९० सेंमीवर दोरा ताणून मोजलं : झोळ ३ मिलिमीटर. पाणसळीचा बुडबुडा मधोमध. (तो फोटो मी सगळ्यांना दाखवत फिरतेय, घरचे कंटाळलेत.)

दांडी भिंतीपासून १० सेंमी पुढे आहे, त्यामुळे काडी मोकळी फिरते. पण बाजूने उजेडाची पट्टी आली. त्यावर उपाय फुकटात निघाला : दोन्ही टोकांचं शेवटचं आयलेट दांडीत ओवलंच नाही, पडद्याची ती कड खांबामागे वळवून दोऱ्याने भिंतीच्या बाजूला बांधली. ब्लाइंडची दोरी आता पडद्याआड लपते, म्हणून ती गुंडाळून उंच अडकवली. लहान मूल येणाऱ्या घरात तेवढं विसरू नका.

स्प्रिंगचा रॉड वाया गेला नाही. मोरीच्या ७० सेंमीच्या खिडकीत तो झिरझिरीत पडदा घेऊन बसलाय, पडदा पाव किलोचाही नाही.

उरलेलं काम : दांडीच्या वरून छतावर उजेडाचा एक पंखा उमटतो, साडेसहाला सुरू होतो. कापडाची १५ सेंमीची झालर दांडी आणि भिंत यांच्यामध्ये आडवी टाकून बघणार आहे. वजन ९० ग्रॅम भरलंय. आणि हो, गाळ्यातला तो खळगा अजून तसाच आहे. पुट्टी आणली आहे, पण निळ्यावरच्या पांढऱ्याची छटा अजून जुळत नाहीये.