आमची वाटचाल : भोक असेल तर धागा वर

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर, सरस्वतीच्या फोटोशेजारी, पुठ्ठ्याचं एक लांबट भोकाभोकाचं कार्ड खिळ्याला अडकवलंय. बाहेरगावचं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे काय? सोलापूरचं विचारत नाही. त्याच्या कारखान्याच्या माळ्यावर अशी कार्डं पोत्यानं पडलेली असतात.

नाना, म्हणजे माझे वडील, जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचे. घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि कारखान्यात तोंडाला येईल ते. चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर यायची. एकेक चौकोन लाल रंगानं भरलेला, नाहीतर कोरा. भरलेल्या चौकोनाला भोक. कार्डाला भोक असेल तर जकार्डची सुई त्यात शिरते, हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. मोराची मोठी नक्षी असली की कार्डांची माळ अख्ख्या खोलीत वेटोळी घालून पडायची आणि आम्हाला जेवायला ओट्यावर बसावं लागायचं.

तिसरी-चौथीत असल्यापासून मी नानांना ग्राफ वाचून दाखवायचे. "तीन भरलेले, दोन कोरे, पाच भरलेले..." ते पंच करायचे. शेजारी आई विड्या वळत असायची. पंचवीस विड्यांची जुडी, चाळीस जुड्या म्हणजे हजार. तिची मोजणी कधी चुकली नाही. चुकायची ती छाटणी करून विड्या बाद करणाऱ्याची, आणि दर वेळी त्याच्याच फायद्याची.

बारावीनंतर मी कॉम्प्युटरला गेले. पहिल्याच आठवड्यात सरांनी संगणकाचा इतिहास घेतला. १८०४ साली फ्रान्समध्ये जकार नावाच्या माणसानं माग कार्डावर चालवला, असं एका ओळीत सांगून ते पुढं निघाले. वर्गात निम्मी पोरं मागवाल्यांची. मी हात वर करून म्हटलं, सर, हे आमच्या घरी आहे. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून कार्ड नेलं. सरांनी ते खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि तास संपेपर्यंत खाली ठेवलं नाही. भिंतीवरचं कार्ड तेच.

फर्म २००६ साली सुरू केली. घराची पुढची खोली, एक जुना कॉम्प्युटर, एक स्कॅनर. हातानं काढलेला ग्राफ कॉम्प्युटरवर घ्यायचा, दुरुस्त करायचा, रंग बदलून मालकाला दाखवायचा आणि पंचिंगला द्यायचा, एवढंच काम. ते दिवस भारनियमनाचे. इन्व्हर्टर घ्यायला पैसे नाहीत, म्हणून वीज जाते त्या वेळात मी कारखान्यांत फिरायचे. मालक चहा पाजायचे, नानांची चौकशी करायचे आणि शेवटी विचारायचे, "भाऊ नाही का तुला? त्याला पाठव, व्यवहाराचं बोलू." एका बँकेनं कर्जासाठी नवऱ्याची सही मागितली. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. ते पैसे आईनं दिले, विडीच्या मजुरीतून साठवलेले.

सहा महिन्यांनी पहिली मदतनीस आली. ती आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. हात इतका सफाईचा, की धागा कुठं तुटणार हे तिला आधी कळायचं. शिक्षण नववी. माउस धरायला तिला दोन दिवस लागले, ग्राफ वाचायला एकही नाही. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो आणि अजूनही शेवटची नजर तिचीच असते. आमची आजवरची सगळ्यात मोठी चूक तिनंच पकडली. उशिरा, पण पकडली.

एका लॉजची नॅपकिनची ऑर्डर होती. निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत नाव. फाइल माझ्या हातून आरशातल्यासारखी उलटी गेली. मागावर साठ नॅपकिन उतरले आणि एकाही नॅपकिनवर नाव वाचता येईना. मालकाचा फोन आला तेव्हा मी सुताचा खर्च मांडून रडत बसले होते. अक्कानं एक नॅपकिन उचलला, पालटला आणि म्हणाली, "हे बघ की." टेरीची, म्हणजे टॉवेलच्या लूपवाल्या कापडाची, गंमत अशी, की दोन्ही रंगांची लूप असली तर एका बाजूला जो रंग वर, तो दुसऱ्या बाजूला खाली. पालटल्यावर नाव सुलटं झालं होतं. फक्त निळ्यावर पांढऱ्याऐवजी पांढऱ्यावर निळं. शिलाई व्हायची होती, म्हणून कडा दुसऱ्या बाजूनं दुमडून घेतल्या. लॉजवाल्यानं पैसे कापले, पण माल घेतला. पुढच्या वर्षी त्यानं मुद्दाम तसलाच मागितला.

२०१७च्या १ जुलैला जीएसटी आला आणि आमचं काम दुप्पट झालं. सुताचा हिशेब वहीत आणि मजुरीचा डोक्यात ठेवणारे मालक धावत आले. त्यांच्यासाठी आम्ही एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं : किती किलो सूत आलं, किती नग उतरले, कोणाच्या मागावर किती, मजुरी किती. लिहिणारी मुलगी विडी कामगाराची. विद्यापीठाची परीक्षा दिल्या दिल्या माझ्याकडं आली होती. तिनं एक गोष्ट न सांगता घातली. नग बाद केला, तर कारण लिहिल्याशिवाय नोंद पुढं सरकत नाही. दोन मालकांनी ती काढायला सांगितली. मी नाही म्हटलं. एक गिऱ्हाईक गेलं. माझ्या आईचं गणित त्यात होतं, हे त्या गिऱ्हाइकाला कुठून कळणार!

आज आम्ही नऊ जणी. मुली टिकत नाहीत, ही माझी खरी अडचण. शिकवून तयार केली की पुण्याची कंपनी नेते, नाहीतर लग्न. पुण्याला जाणारीचं मला वाईट वाटत नाही. तिच्या पगाराचा आकडा ऐकून आनंदच होतो, थोडी असूयाही. वाईट वाटतं ते सासर चार गल्ल्या पलीकडं असून काम सोडणारीचं. कारण विचारलं तर कधी कोणी नवऱ्याचं नाव घेत नाही. म्हणतात, "पाणी असतं ना ओ."

ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ते कधी मध्यरात्री येतं, कधी भर दुपारी. त्या वेळी घरात बाई लागते. उजनी धरण भरलं तरी लागते. एवढ्या एका कारणानं किती नोकऱ्या बुडाल्या असतील! मग आम्ही एक तक्ता केला. कोण कुठल्या भागात राहते, तिच्याकडं पाणी कधी, त्यावर कामाच्या वेळा. पाण्याच्या दिवशी ऑफिसला यायचं नाही, काम घरून. लॉकडाऊन लागला तेव्हा सगळ्यांना घरून काम नवं वाटलं, आमच्याकडं ते आधीच चालू होतं. तक्ता केल्यापासून पाण्यापायी एकीनंही काम सोडलेलं नाही.

महिलादिनाला सत्कार होतात. शाल, श्रीफळ, टॉवेल. एकदा मिळालेला टॉवेल आमच्याच डिझाइनचा निघाला. सत्कार करणाऱ्या संस्थेला म्हटलं, पुढच्या वर्षी शाल नको, तुमच्या हिशेबाचं काम द्या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरीला बोलावलं.

एडा लव्हलेस या बाईंचं नाव मला फर्म सुरू झाल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. १८४३ साली त्यांनी बॅबेज नावाच्या माणसानं आखलेल्या गणिती यंत्रावर टिपणं लिहिली. जकार्डचा माग जसा फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं, असं त्यांत आहे. मला त्याहून भावली ती अपोलोची गोष्ट. चंद्रावर गेलेल्या यानाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम अमेरिकेत कारखान्यातल्या बायकांनी तारेनं हातानं ओवला होता. तार चुंबकी कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. जेवणाच्या सुट्टीत मी हे रंगवून सांगितलं. अक्कानं घास थांबवून विचारलं, "मजुरी नगावर होती की रोजावर?" एवढं वाचून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं. कार्ड नाही, फाइल सरळ मागाला. नानांचं पंचिंग मशीन कोपऱ्यात आहे, त्याच्यावर प्रिंटर ठेवलाय. सध्या जुने ग्राफ स्कॅन करून जपण्याचं काम चाललंय. नानांच्या हाताखालून गेलेल्या ग्राफमध्ये दोन ठिकाणी चौकोन चुकलेले सापडले. नाना म्हणतात, वाचणारी चुकली असणार.

आणखी एक मुलगी घ्यायची आहे. तिला मंगळवारी मुलाखतीला बोलावलं होतं, पण त्या दिवशी तिच्याकडं पाणी आहे. म्हणून बुधवारी ठेवली.